चुकीच्या उत्तराची तालीम

पाचवीतल्या एका मुलीकडून मी चुकीचं उत्तर पाठ करून घेतलं. ज्या अध्यापन पद्धतीचा नमुना दाखवण्यासाठी हे केलं, तिच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे की मुलांकडून काहीही पाठ करून घेऊ नये. ही गोष्ट मी आजवर तीन माणसांना सांगितली आणि तिघांनीही मला वेगवेगळ्या कारणांनी गप्प केलं. म्हणून आता लिहून काढतो आहे.

मी नाशिकमध्ये गेली चोवीस वर्षं प्राथमिकला शिकवतो. राहायला इंदिरानगरला आणि शाळा पंचवटीच्या मागे, जिथे घरं संपून भाजीची आणि झेंडूची शेतं सुरू होतात तिथे. म्हणजे रोज सकाळी द्वारकेच्या चौकातल्या गर्दीत अर्धं आयुष्य घालवून मी शाळेत पोचतो. वर्गात निम्मी मुलं मळेवाल्यांची. त्यांचा दिवस माझ्या आधी चार तास सुरू झालेला असतो.

या चोवीस वर्षांत शिकवायचं कसं, हे मला निदान सात वेळा नव्याने शिकवण्यात आलं. डी.एड.ला असताना पायऱ्यांचा पाठ होता. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, मग विवेचन, शेवटी स्वाध्याय. प्रस्तावनेचे प्रश्न असे विचारायचे की शेवटी मुलाच्या तोंडून धड्याचा विषयच बाहेर पडावा. 'तहान लागल्यावर आपण काय पितो?' 'पाणी.' 'पाणी कुठून येतं?' 'नळातून.' इथेच सगळं कोसळायचं, कारण पुढचं उत्तर 'नदीतून' असायला हवं असायचं आणि मुलं 'टाकीतून' म्हणायची. मग आम्ही घाम पुसत म्हणायचो, 'तर आज आपण नदीविषयी शिकू.'

नोकरीला लागलो आणि आनंददायी शिक्षण आलं. तिशीतला मिशीवाला माणूस मी, चाळीस शिक्षकांसमोर झाड होऊन डोललो आहे. मग गटपद्धत आली. बाक हलवले, मुलं गोल बसली, फरशीवर आकडे रंगवले. शिक्षकाने कमीत कमी बोलायचं. मी बोलायचा थांबलो आणि प्रत्येक गटातला एक हुशार पोरगा माझ्या जागी बोलू लागला, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात आणि चापट्या मारत. मग मुलांना स्तरांप्रमाणे वेगळं बसवायचं आलं. मग प्रत्येक धड्यावर प्रकल्प करून घ्यायचे आले. मग घरी व्हिडिओ बघून यायचं आणि वर्गात फक्त चर्चा करायची, असं आलं. घरात एक फोन आणि तो बापाबरोबर पहाटे मार्केटला गेलेला, अशा घरातली मुलं चर्चेला काय आणणार? ती आपली माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

मला पद्धतींचा राग नव्हता. राग येतो तो प्रशिक्षणाच्या हॉलमधल्या पहिल्या अर्ध्या तासाचा. प्रत्येक नवी पद्धत आदल्या पद्धतीची टिंगल करत सुरू होते. टिंगल करणारे तज्ज्ञही बऱ्याचदा तेच असतात. ज्यांनी मला झाड केलं त्यांनीच पुढे 'नाचगाण्यातून गणित येतं का हो?' असं विचारून आम्हाला हसवलं. आणि आम्ही हसलो, हे त्याहून वाईट.

पण दोष पद्धतींचा होता असं म्हणायची सोय मला नाही. मी त्या समजून घ्यायचा प्रयत्नच फार उशिरा केला. टाचणाच्या वहीत रकाने बदलले की पद्धत बदलली, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार याची आम्ही रोज लिहायची नोंद. रकाना नवा, शिकवणं तेच. खडू, फळा, 'कळलं का?', 'हो सर.'

गेल्या वर्षी पावसाळ्यात जी पद्धत आली तिने मात्र मला खरोखर विचारात पाडलं. शोधातून शिकणं. मुलांपुढे आधी वस्तू ठेवायची, त्यांना हाताळू द्यायची, अंदाज करू द्यायचा, चुकू द्यायचं, आपसात भांडू द्यायचं आणि शिक्षकाने सगळ्यात शेवटी बोलायचं. तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहीच्या मागच्या पानावर माझ्या सातही पद्धती एकाखाली एक लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे एकच गोष्ट लिहिली, पहिलं कोण बोलतं. पायऱ्यांच्या पाठात मी. गटात हुशार मुलगा. व्हिडिओत भलताच कोणी. आणि या नव्या पद्धतीत मुलाच्या हातातली वस्तू. मला वाटलं, अरे, एवढंच आहे हे! कधी मी आधी बोलायचं, कधी मुलाने, आणि ते त्या मुलाकडे बघून ठरवायचं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी उमगल्यासारखं झालं. उमगलेल्या माणसाने पुढे काय केलं ते ऐका.

महिन्याला आमच्या भागातल्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात. तिथे एक नमुना पाठ होतो, मग चर्चा आणि मग मिसळ. दसऱ्याआधीची बैठक आमच्या शाळेत होती आणि पाठ मी घ्यायचा होता. केंद्रप्रमुख साहेब, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या शाळा तपासणारे अधिकारी, येणार होते. मी विषय निवडला अपूर्णांकांची तुलना. एक छेद तीन मोठा की एक छेद चार? बहुतेक मुलं चार म्हणतात, कारण चार मोठे. मग दोन सारख्या कागदी पट्ट्या द्यायच्या. एकीचे तीन समान भाग, दुसरीचे चार. एकेक तुकडा शेजारी ठेवला की मुलांना आपोआप शोध लागतो.

हे 'आपोआप' पुस्तिकेत आहे. मी आधी वर्गात प्रामाणिकपणे करून बघितलं. पट्टीचे चार भाग करणं सोपं, दोनदा दुमडलं की झालं. तीन समान भाग करणं मला स्वतःला धड जमत नाही. मुलांनी एक मोठा, एक मध्यम आणि एक चिंचोळा अशा तीन घड्या घातल्या. निम्म्या गटांनी नेमका तो चिंचोळा भाग एक छेद चारच्या तुकड्याशेजारी ठेवला आणि आरडाओरडा करत शोध लावला की एक छेद चार मोठा. बाकीच्या गटांनी उलट शोध लावला. मग वर्गाने मतदान घेतलं. चार बहुमताने निवडून आले आणि घंटा झाली.

आता शहाण्या माणसाने काय करायला हवं होतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्ट्या द्यायच्या, घड्या का चुकल्या ते बोलायचं, चार दिवस लागले तर लावायचे. पद्धत तेच सांगते. पण नमुना पाठ चाळीस मिनिटांचा असतो आणि मागच्या बाकांवर वीस-बावीस शिक्षक बसलेले असतात. मी घाबरलो. मी घरी बसून पट्ट्यांवर मोजपट्टी धरून पेन्सिलने खुणा केल्या. आणि तालीम सुरू केली.

बायकोने पट्ट्यांचा ढीग बघून विचारलं, "हे काय चाललंय?"

"मुलं स्वतःहून शोध लावणार आहेत."

"मग तुम्ही खुणा कशाला करताय?"

"त्यांना वेळेत लागावा म्हणून."

"अहो, मग मुलांना घरी राहू द्या आणि तुम्हीच लावा की शोध," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

तालमीत कामं वाटली. पहिला अंदाज कोण करणार, 'पण सर, असं कसं?' असं कोण विचारणार, तुकडे शेजारी कोण ठेवणार, 'मला सापडलं!' कोण ओरडणार. आणि एक काम होतं चुकण्याचं. सुरुवातीला कोणीतरी ठामपणे 'एक छेद चार मोठा' म्हणायला हवं, कारण तिथूनच सगळा शोध सुरू होतो. ते काम मी एका मुलीला दिलं. झेंडूवाल्यांची मुलगी, शेवटून दुसऱ्या बाकावरची, गणितात मागे. मला वाटलं, ती तशीही चुकेलच. इतक्या थंडपणे मी ते ठरवलं.

तिला मी म्हणालो, "तुझ्याशिवाय हा पाठ होणार नाही बरं का."

हे तिने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची आई तिला सायकलवरून सोडायला आली. एरवी मुलगी चालत यायची. फाटकातूनच आई म्हणाली, "सर, पोरीला पाठात घेतली म्हनं तुम्ही. लय खूश हाय. दसऱ्याच्या तोंडावर आमाला एक हात कमी पडंल, पन धाडते मी तिला. नाय म्हनले नाय मी."

दसऱ्याआधीच्या आठवड्यात मळेवाल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, हे आम्ही गृहीतच धरतो. फुलं तोडायची, भरायची, हार ओवायचे. ती मात्र रोज आली. बोटं पिवळी-हिरवी असायची, डोळे पेंगुळलेले. आठ तालमी झाल्या. आठही वेळा ती उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, एक छेद चार मोठा, कारण तिनापेक्षा चार मोठे असतात." तिचं काम सगळ्यात छान व्हायचं. बाकीची मुलं वाक्यं विसरायची, ती कधी विसरली नाही.

पाठाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी खुर्च्या लावत होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"सर, माझं चुकतंय."

"छे गं, तुझंच तर सगळ्यात चांगलं होतंय."

"तसं नाय. उत्तर चुकतंय. तीनवाला मोठा असतो."

मी हातातली खुर्ची खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. आमी तोडायला तिघी असलो ना सर, की माझ्या वाट्याला लय ओळी येतात. चुलती आली की चौघी होतो, मग कमी येतात. वावर तेवढंच. म्हंजे तिघींतला वाटा मोठा. हे पन तसंच हाय ना?"

चोवीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते माझ्या वर्गाच्या दारात उभं होतं. कुणीही न विचारता, माझ्या पट्ट्यांना हात न लावता, स्वतःच्या शेतातून उचलून आणलेलं. आठ वेळा खोटं बोलता बोलता तिला खरं कळलं होतं. त्या क्षणी तालीम मोडून टाकायला हवी होती. तिला म्हणायला हवं होतं की उद्या उभं राहून हेच सांग, बावीस शिक्षकांना ओळींचं सांग, मी शेवटपर्यंत तोंड उघडणार नाही.

मी म्हणालो, "शाब्बास! बरोबर आहे. पण उद्या तू चारच म्हण."

"पन ते चूक हाय."

"अगं, पाठात आधी कोणीतरी चुकावं लागतं. मग बाकीच्यांना सापडतं."

"मग दुसऱ्या कोनाला सांगा ना सर."

"आता आयत्या वेळी? दुसऱ्याला तुझ्यासारखं जमणार नाही."

तिने खांद्यावरचं दप्तर वर ओढलं. मग "बरं" म्हणाली आणि गेली. घरी तोडणी चालली होती, तिला उशीर झाला होता.

पाठ उत्तम झाला. ती उठली, चुकली, बसली. दुसऱ्याने 'असं कसं?' विचारलं. माझ्या खुणांवर बरोबर घड्या पडल्या. 'मला सापडलं!' वेळेवर झालं. मागच्या बाकांवरचे शिक्षक माना डोलावत होते. त्यांच्यातल्या निम्म्यांना सगळं कळत होतं, कारण त्यांनीही हेच केलेलं असतं. पाठ संपल्यावर साहेब उठले. साहेब वाईट नाहीत, कागदांनी दमलेले गृहस्थ आहेत. ते त्या मुलीजवळ गेले आणि वाकून म्हणाले, "काय बाळा, सुरुवातीला तू चार म्हणाली होतीस. आता सांग, कोणता मोठा?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला काहीच सांगून ठेवलं नव्हतं. तिचं काम संपलं की चालूच आहे, हे तिला कळेना. ती म्हणाली, "एक छेद चार."

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि मला म्हणाले, "हिच्यावर जरा मेहनत घ्यावी लागेल, सर."

एक वाक्य पुरलं असतं. 'साहेब, तिला येतं, मीच तिला असं म्हणायला लावलं.' ते वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "हो साहेब, तिच्यावर काम चालू आहे." आणि आम्ही मिसळ खायला गेलो.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं की पाठ अनुकरणीय, मात्र एक विद्यार्थिनी पाठाअखेरही मूळ चुकीच्या कल्पनेवरच असून तिला विशेष मार्गदर्शन वर्गात घ्यावे. हा वर्ग ज्यांना वाचता-मोजता येत नाही अशा मुलांसाठी खालच्या मजल्यावर चालतो. त्यात बहुतेक दुसरी-तिसरीतली पोरं. दिवाळीची सुट्टी संपली आणि पाचवीतली ती मुलगी त्यांच्यात बसू लागली. तो वर्ग आमच्या गणिताच्या तासालाच असतो. म्हणजे वर मी अपूर्णांकांची बेरीज शिकवत होतो आणि जिला अपूर्णांक खरोखर कळला होता ती खाली मणी मोजत होती.

मी दोन आठवडे काही केलं नाही. रोज जिन्यावर ती दिसायची. रुसलेली नव्हती. दप्तर छातीशी धरून बाजूला व्हायची, मला वाट द्यायला.

मग तिची आई आली. शिपायाने निरोप दिला तेव्हा मी वर्गात होतो, खाली आलो तर ती कट्ट्यावर न बसता उभीच होती.

"सर, तुमीच म्हनले व्हते तिच्याबिगर पाठ व्हनार नाय. झाडावर फुलं ठिवून पोरगी धाडली मी. अन आता तिला बारक्या पोरांत बसवता?"

"ताई, तसं नाही—"

"मंग कसं हाय? ती म्हनते, मला नको धाडू शाळंत. तिचा बाप म्हनतो, पाचवी लय झाली, बसू दे हार ओवायला. मी त्याला आडवते रोज. पन मला एक सांगा, खरं सांगा. तिला येत नाय का? येत नसंल तर मी बी आडवायची नाय."

"येतं तिला," मी म्हणालो.

"मंग तिथं कशापायी बसवली?"

मी म्हणालो, "मला थोडे दिवस द्या. तिला घरी बसवू नका." ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून सायकलवर बसली. तिचा विश्वास बसला नव्हता, पण दुसरा इलाजही नव्हता.

त्याच दिवशी मी मुख्याध्यापिका बाईंना सगळं सांगितलं. बाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, कामाला पक्क्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, नमुना पाठाची तालीम सगळेच करतात. मीही केलीय."

"बाई, मी तिला येत असताना चुकायला लावलं."

"हे तुम्ही मला का सांगताय? आता मलाही माहीत आहे म्हणायचं. म्हणजे मीही अडकले."

"तिचं नाव त्या वर्गातून कमी करू या फक्त."

"नाव वर गेलंय. साहेबांनी पुन्हा तपासून सही केली तरच कमी होईल. पुढच्या भेटीत तिला त्यांच्यासमोर उभी करा. तिला येतंय ना? मग उत्तर देईल, विषय संपेल. तुम्ही तोंड उघडू नका म्हणजे झालं."

मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. मुलगी उत्तर देईल, नाव कमी होईल, मला काही बोलावं लागणार नाही. माझ्या पापातून मला सोडवायचं कामही मी तिच्यावरच टाकत होतो.

डिसेंबरात साहेब आले. ऑफिसात बाई, साहेब, मी आणि ती. साहेबांच्या पुढ्यात भरायचे तक्ते पसरलेले होते. त्यांनी एका बाजूला तिचा कागद ओढला.

"हं बाळा, एक छेद तीन आणि एक छेद चार. मोठा कोणता?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"सांग की, घाबरू नको."

ती माझ्याकडेच बघत होती. साहेबांनी पेन हातात फिरवलं. बाई मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होत्या. आणि मग ती हळू आवाजात मला म्हणाली, "सर, त्या दिवशीचं सांगू का खरं?"

साहेबांनी मान वर केली. "त्या दिवशीचं म्हणजे?"

बाई एकदम कागद आवरायला लागल्या. तिच्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं की ती कुणाला अडकवायला विचारत नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हतं. शाळेत दोन उत्तरं असतात, एक खरं आणि एक सरांना हवं असलेलं, आणि कुठलं कधी द्यायचं हे सरांना विचारावं लागतं, एवढं मात्र माझ्याकडून ती पक्कं शिकली होती. मी बोलल्याशिवाय ती उत्तर देणार नव्हती, आणि उत्तर दिल्याशिवाय शाळेत राहणार नव्हती.

मी साहेबांना सांगितलं. तालमी, खुणा, आदल्या दिवशीचं दार, फुलांच्या ओळी, सगळं.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "सर, तुम्हाला जरा बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचंय का?"

"नाही, साहेब."

"म्हणजे मी हे ऐकलंय असं धरायचं."

"हो."

"आणि हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" ते वैतागून म्हणाले. "तुमचा पाठ मी अनुकरणीय म्हणून पुढे पाठवलाय. दोन शाळांनी तो करून दाखवला. त्यांनीही कोणालातरी चुकायला बसवलं असेल." मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं आणि मुलीकडे वळले. "खरं सांग बाळा. खरंच सांग."

"एक छेद तीन."

"एक छेद पाच आणि एक छेद सात?"

"पाचवाला."

"दोन छेद तीन आणि तीन छेद चार?"

हा प्रश्न अवघड होता आणि तिला कोणी शिकवला नव्हता, कारण मी तो शिकवला तेव्हा ती खाली मणी मोजत होती. तिने छताकडे बघितलं. "दोन्ही सारखेच."

"चूक," साहेब म्हणाले.

"का गं सारखेच?" मी विचारलं.

"दोन्हीत एकच तुकडा कमी हाय. तिथं तिनातला एक नाय, हितं चारातला एक नाय."

मला हसू आलं. उत्तर चुकीचं होतं, पण ते तिचं होतं. ते तिला कोणी दिलं नव्हतं. मी म्हणालो, "जो तुकडा कमी आहे, तो दोन्हीकडे सारखाच आहे का?" आणि गप्प बसलो. साहेबांनी घड्याळ बघितलं. ते थांबायला तयार नव्हते. त्यांनी तिच्या कागदावर सही केली, नाव कमी केलं, माझ्याविषयी काहीही लिहिलं नाही. बाईंनी चहा मागवला. या सगळ्यात कोणाला शिक्षा झाली नाही आणि माझा पाठ आजही अनुकरणीय आहे.

आम्ही जिना चढत असताना ती मध्येच थांबली. "चारवाला मोठा. तिथं बारका तुकडा कमी हाय." मी मान हलवली. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर्गात गेली.

तिच्या आईला सांगणं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मी पंचवटीच्या भाजीबाजारात गाडी लावली. ती फुलांच्या ढिगामागे बसली होती, एका गिऱ्हाइकाला शेवंती मोजून देत होती. मी तिथेच उभ्याउभ्या सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"म्हंजे पोरीला येत व्हतं."

"हो."

"अन तुमाला ठावं व्हतं."

"हो, ताई."

गिऱ्हाईक गेलं. तिने तागडीतला पाला झटकला. "मला कशाला सांगता सर? माझी काय परीक्षा हाय व्हय? तिला सांगितलं का?"

"काल साहेबांसमोर बोललो, ती तिथेच होती."

"ते सायबाला सांगितलं तुमी. तिला काय सांगितलं?"

काही नाही. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. इतक्या कबुल्या दिल्या होत्या, बाईंना, साहेबांना, आता आईला, आणि प्रत्येक वेळी समोर कोणीतरी मोठं माणूस होतं.

मधल्या सुट्टीत मी तिला वर्गाबाहेर बोलावलं. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. मी म्हणालो, "त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं आणि मी तुला चुकीचं बोलायला लावलं. ते माझं चुकलं. खाली बसावं लागलं तेही माझ्यामुळे."

ती बाटलीचं झाकण फिरवत होती. माफ केलं का वगैरे विचारायची हिंमत मला नव्हती आणि तिला त्याची फारशी गरजही दिसली नाही. ती वेगळ्याच विचारात होती.

"मग पुढच्या पाठाला कोन चुकनार?"

"कोणीच ठरवून चुकायचं नाही आता."

"मग पाठ कसा व्हनार सर? घंटा होईपर्यंत कोनाला सापडलंच नाय तर?"

सात पद्धतींच्या पुस्तिका माझ्या कपाटात आहेत. यातली एकही तिच्या प्रश्नाला उपयोगी नव्हती. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि नळाकडे गेली.